आधी चिप, मग लस: हे आम्हाला सांगायचं कुणी?

बेळगाव सीमाभागातल्या पशुवैद्यकीय सेवेचे अधिकारी आणि आमचे लोकप्रतिनिधी यांना खुले पत्र

महोदय, महोदया,

लेकीबरोबर आमची कुत्री जर्मनीला नेता यावी, त्यासाठीची सोय जिल्ह्यात व्हावी, म्हणून गेल्या तीन महिन्यांत मी एका सरकारी कार्यालयात तीन अर्ज दिले. पहिला मराठीत होता म्हणून परत आला. दुसरा शेजाऱ्यांकडून कन्नडमध्ये लिहून घेतला, त्यावर ‘पुढील क्रमासाठी पाठविले’ असा शेरा पडला आणि तो तिथेच राहिला. तिसरा घेऊन गेलो तेव्हा टेबलापलीकडच्या गृहस्थांनी कागद न वाचताच बाजूला सारला. म्हणाले, “मास्तर, कुत्र्यासाठी एवढं कशाला? तिकडं दुसरं घे म्हणावं पोरीला.” मी तिथं काही बोललो नाही. घरी आलो आणि हे पत्र लिहायला बसलो. ते सर्वांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे, कारण ज्या खड्ड्यात आम्ही पडलो त्यात उद्या दुसरं कुणी पडू नये.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत ३१ वर्षं नोकरी केली, आता टिळकवाडीत राहतो. मुलगी नर्स आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा एकदम फुगल्या, आपल्या जिल्ह्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली, तेव्हा ती शिकत होती. चिकोडी तालुक्यातल्या एका निवारा केंद्रात मदतीला गेली आणि परत येताना ओढणीत गुंडाळून एक पिल्लू घेऊन आली. डोळे नुकते उघडलेले. कृष्णेच्या पुरात सापडली म्हणून कृष्णी. गावठी आहे, तांबूस रंगाची, उजवा कान अर्धा पडलेला. लेकीची रात्रपाळी असली की सकाळी सातला फाटकाशी जाऊन बसणारी. २०२१ मध्ये माझी पत्नी गेली. त्यानंतरचे कित्येक दिवस लेक आणि मी एकमेकांशी फार बोलत नव्हतो. दोघंही कृष्णीशी बोलायचो. तिकडं दुसरं घ्या म्हणणाऱ्या साहेबांना हे मला सांगायचं होतं.

यंदा लेकीला जर्मनीत एका रुग्णालयात नोकरी मिळाली. करार हाती आला त्या रात्री तिनं सगळ्यात आधी कुत्रा नेण्याचे नियम शोधायला घेतले. कृष्णीला मागे ठेवून जायचा विचार आमच्या घरात कधी निघालाच नाही.

ते नियम मला आता पाढ्यासारखे पाठ आहेत. युरोपीय संघाच्या देशात भारतातून कुत्रा न्यायचा तर त्याच्या कातडीखाली पंधरा आकडी क्रमांकाची मायक्रोचिप हवी, तीही ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाची. चिप बसल्यावर रेबीजची लस. दोन्ही एकाच दिवशी चालतं, पण आधी चिप, मग लस. लसीला निदान ३० दिवस झाले की रक्त घ्यायचं. त्यातलं सीरम, म्हणजे रक्ताचा वेगळा केलेला पातळ भाग, युरोपीय संघाच्या मान्यतेच्या यादीत असलेल्या प्रयोगशाळेत जातं आणि रेबीजविरोधी प्रतिपिंडं, म्हणजे लसीनं अंगात तयार झालेली रोगाशी लढणारी द्रव्यं, मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त निघावी लागतात. अहवाल चांगला आला तरी रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. मग सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, आणि ते दिल्यापासून दहा दिवसांच्या आत तिथल्या सीमेवर पोचायचं. मालकाचा आणि कुत्र्याचा प्रवास पाच दिवसांच्या अंतरात झाला पाहिजे, नाहीतर तो व्यापारी माल धरला जातो आणि त्याचे नियम आणखी कडक.

हे नियम जाचक आहेत असं मी म्हणणार नाही. साधारण तीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. त्याच्या वडिलांना मजुरी बुडवून रोज शहरात येणं जमेना म्हणून काही दिवस मीच त्याला एसटीनं घेऊन आलो. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची ती. सातव्या की आठव्या दिवशी तो बसमध्ये मला म्हणाला, “गुरुजी, आता पोटात जागाच उरली नाही.” तो वाचला, आज त्याची स्वतःची मुलं शाळेत जातात. रेबीज काय असतो हे मी पाहिलंय. ज्या देशांनी तो आटोक्यात आणला त्यांनी आमच्याकडून येणारं कुत्रं पारखून घ्यावं, हे योग्यच आहे. माझं म्हणणं फक्त एवढंच की नियम पाळायची ज्याची मनापासून तयारी आहे, त्याला ते पाळता येतील अशी सोय या जिल्ह्यात असावी. ती नाही.

आमचं काय झालं ते तारखांसकट सांगतो. कृष्णीला दरवर्षी रेबीजची लस न चुकता दिली जाते. यंदा ती १८ फेब्रुवारीला दिली. जर्मनीचं ठरल्यावर ६ मे रोजी चिप बसवली. १२ मे रोजी रक्त घेतलं. सीरम वेगळं करून थंड डब्यातून परदेशी गेलं, अहवाल आला, आकडा ०.५ च्या कितीतरी वर. घरात आनंद झाला, २० ऑगस्टची तिकिटं काढली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळे कागद तपासणीला दिले तेव्हा तिथल्या डॉक्टर बाईंनी ते दोनदा वाचले आणि हळू आवाजात म्हणाल्या, “लस चिपच्या आधीची आहे हो. ही धरत नाहीत.” चिप नसताना दिलेली लस याच कुत्र्याला दिली हे सिद्ध होत नाही, असा त्यामागचा विचार. समजल्यावर तो पटतोही. पण लस बाद म्हणजे रक्त बाद, आणि रक्त बाद म्हणजे तीन महिने पुन्हा.

८ ऑगस्टला नवी लस दिली. १० सप्टेंबरला पुन्हा रक्त घेतलं. लेकीला १ सप्टेंबरला रुजू व्हायचं होतं, ती २० ऑगस्टला एकटी गेली. निघताना तिनं कृष्णीला माझ्या खोलीत कोंडायला सांगितलं, कारण फाटकापर्यंत ती येईल आणि मग पाय निघायचा नाही. त्यानंतर पंधरा दिवस कृष्णी सकाळी सातला फाटकाशी बसत होती.

चिप बसवायला गेलो त्या दिवशी कुणी एक वाक्य सांगितलं असतं, की आजच रेबीजची लस पुन्हा द्या, तर डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं नसतं, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कृष्णी जाऊ शकली असती. एक वाक्य! आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पिल्लू असताना कृष्णीला पार्व्हो हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला तेव्हा त्या माणसानं तीन रात्री जागून तिला वाचवलंय. त्यांच्याही हाती कधी कुठलं परिपत्रक आलं नाही, कधी कुणी प्रशिक्षण दिलं नाही. त्यांना सांगण्याचं काम ज्यांचं होतं त्यांच्याकडे माझी तक्रार आहे, आणि माहितीचा हा दुष्काळ ही त्यातली पहिली.

दुसरी तक्रार लसीच्या कार्डाची. परदेशी कागदाला लसीचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख, मुदत, चिपचा क्रमांक आणि पशुवैद्यकाची सही-शिक्का एवढं सगळं लागतं. आपल्याकडे कार्डावर काय असतं? तारीख आणि एक फराटा. पुष्कळदा बाटलीवरचं बॅचचं लेबल कार्डावर चिकटवायचं सोडून कचऱ्यात जातं. गावोगावच्या लसीकरण शिबिरांत तर मी स्वतः उभा राहिलोय, कुत्रं आणलं, टोचलं, सोडलं. कार्ड मागितलं तर “सरकारी शिबिरात कार्ड नसतं.” ज्या माणसानं शहाण्यासारखं आपलं कुत्रं शिबिरात नेलं त्याच्या हाती पुरावाच उरत नाही. हे परदेशी जाणाऱ्यांपुरतं नाही. उद्या ते कुत्रं कुणाला चावलं तर त्याला लस दिली होती की नव्हती हे सांगायला काय दाखवायचं?

आता अंतराचं बोलतो, कारण खरी अडचण तिथं आहे. परदेशी जाणाऱ्या प्राण्याचं प्रमाणपत्र केंद्र सरकारची पशु क्वारंटाईन आणि प्रमाणीकरण सेवा देते. तिची केंद्रं दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि बेंगळुरूत आहेत. २०२४ साली कोची विमानतळावरही ही सोय झाली, त्याचा मला आनंद आहे. पण आमच्याकडे बघा. बेळगावातून बेंगळुरू सुमारे ५०० किलोमीटर आणि मुंबईही जवळजवळ तेवढीच. दोन्हींच्या बरोबर मधोमध आम्ही. गोवा उशाशी आहे, तिथं दोन दोन विमानतळ आहेत, पण हे केंद्र तिथंही नाही. निपाणीचा माणूस घ्या, खानापूरचा घ्या, कारवारचा घ्या, सगळ्यांना तेच.

कुत्र्याला घेऊन ५०० किलोमीटर जायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. बसमध्ये घेतीलच याची खात्री नाही. रेल्वेत कुत्रा नेता येतो, पण डब्यात सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीतला दोन किंवा चार बर्थचा अख्खा कंपार्टमेंट आपल्या नावावर पाहिजे, आणि तो मिळाला की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या लोखंडी खोक्यात त्यानं रात्र काढायची. पुरात सापडलेलं, बंद जागेला भिणारं जनावर मी त्या खोक्यात घालणार नाही. मग उरते भाड्याची मोटार. धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग करत नऊ-दहा तास. तपासणीत एखाद्या कागदावर सही राहिलेली निघाली तर तेवढंच अंतर परत, आणि इकडे दहा दिवसांची मुदत, विमानाचं तिकीट, लेकीची रजा, सगळं एकमेकांत अडकलेलं. पैसेवाले एजंट धरतात. मला एकानं फोनवर सव्वादोन लाख सांगितले आणि वर विचारलं, “ब्रीड कोणती? गावठी? मग कशाला?” माझ्या पेन्शनीत सव्वादोन लाख बसत नाहीत. कृष्णी गावठी आहे म्हणून तिची किंमत कमी, हे मी ऐकून घेणार नाही.

चिपचीही तीच गत. चिप बसवणारे डॉक्टर शहरात भेटले, पण ती वाचायचं यंत्र त्यांच्याकडे त्या दिवशी चालू नव्हतं. चिप जागेवर आहे, क्रमांक जुळतोय, हे बघायला आम्ही हुबळीला गेलो. तालुक्याच्या ठिकाणी असं यंत्र असल्याचं मला कुठंही आढळलं नाही. खानापूर, नंदगड, जांबोटी या भागातल्या कुणाला हे करायचं असेल तर तो पहिल्या पायरीवरच थांबतो.

भाषेचा मुद्दाही लिहितो. मला कन्नड येतं, बाजारहाट आणि शेजारधर्म मी त्यातच करतो, माझा दुसरा अर्ज लिहून देणारे शेजारी माझे पंचवीस वर्षांचे स्नेही आहेत. तरीही माझा पहिला अर्ज फक्त मराठीत आहे म्हणून परत यायला नको होता. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं नागरिकाला आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय. हे पत्र मी त्याच हक्कानं मराठीत लिहितोय. आणि लसीसारख्या गोष्टीत तर ज्याला जी भाषा समजते त्या भाषेत सांगणं हे सरकारच्याच हिताचं आहे.

हे सगळं या मातीत व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. टिळकवाडीच्या ज्या व्हॅक्सीन डेपोत आज आम्ही फिरायला जातो, तिथं एके काळी देवीची लस तयार व्हायची. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या मुधोळच्या शिकारी कुत्र्यावर भारतीय टपाल खात्यानं २००५ मध्ये तिकीट काढलं, लष्करानं ती कुत्री प्रशिक्षणाला नेली, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. म्हणजे जाणकार माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांसमोर एक दिवस उभं करायला काय हरकत आहे?

माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक सरकारी पशु इस्पितळात आणि खाजगी दवाखान्यात दर्शनी भिंतीवर कन्नड, मराठी आणि इंग्रजीत एक फलक लावा: आधी चिप, मग रेबीजची लस, ३० दिवसांनी रक्त, रक्तानंतर तीन महिने, शेवटच्या दहा दिवसांत प्रमाणपत्र. त्याखाली एवढंही लिहा की पुढची लस मागच्या लसीची मुदत संपायच्या आत दिली तर ही रक्ततपासणी पुन्हा करावी लागत नाही, आणि एक दिवस जरी चुकला तरी सगळं पहिल्यापासून. देशागणिक नियम वेगळे असतात. ब्रिटनला पोचण्याआधी २४ ते १२० तासांत फीतकृमीचं औषध द्यावं लागतं, अमेरिकेनं १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम लावलेत. ते सगळं फलकावर मावणार नाही. म्हणून जिल्ह्यात एका पशुवैद्यकीय अधिकाऱ्यावर या कामाची जबाबदारी नावानिशी सोपवा. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर विचारलं तर निदान त्या अधिकाऱ्याचा पत्ता तरी मिळू दे.

लसीच्या प्रत्येक कार्डावर बॅचचं लेबल, मुदत आणि चिप असल्यास तिचा क्रमांक सक्तीचा करा. शिबिरातही कार्ड द्या, मग तो कागदाचा चतकोर का असेना. प्रत्येक तालुका इस्पितळात चिप वाचायचं एक यंत्र ठेवा.

आणि सगळ्यात मोठी मागणी: महिन्यातून एक दिवस क्वारंटाईन सेवेचा अधिकारी बेळगावात बसावा. जमत नसेल तर कागदांची पूर्वतपासणी तरी जिल्ह्यात व्हावी, अर्ज ‘कर्नाटक वन’ या सरकारी सेवा केंद्रावर घेतला जावा, म्हणजे माणूस एकदाच, शेवटच्या तपासणीलाच बेंगळुरूला जाईल. हे अशक्य आहे असं मला सांगू नका. माणसांचे पासपोर्ट काढायला आम्ही पूर्वी दूर जात होतो, आज ते काम बेळगावच्या पोस्टात होतं. इथलं विधानभवन, सुवर्ण विधानसौध, २०१२ मध्ये उभं राहिलं तेव्हापासून हिवाळी अधिवेशनाला मंत्री, आमदार, सचिव, त्यांच्या फायली, सगळं बेंगळुरूहून इथं येतं. एवढं सगळं ५०० किलोमीटर येऊ शकतं, तर एक डॉक्टर आणि एक शिक्काही येऊ शकतो. लोकप्रतिनिधींनी यंदाच्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा आणि केंद्राकडे लेखी पाठपुरावा करावा, एवढं मी त्यांच्याकडे मागतो. माझ्या तिन्ही अर्जांना लेखी उत्तर मिळावं, हे अधिकाऱ्यांकडे मागतो.

मी हे लिहू लागल्यापासून आणखी तीन घरं मला भेटली. कॅम्पमधले एक निवृत्त सुभेदार मुलाकडे कायमचे जायच्या तयारीत आहेत. त्यांच्या कुत्र्याची लसही चिपच्या आधीची निघाली. त्यांना वेळेवर कळलं, कारण आमचं झालेलं त्यांनी ऐकलं. सरकारचं काम असं ऐकीव गोष्टींवर चालू नये.

कृष्णीचे तीन महिने १० डिसेंबरला पूर्ण होतात. लेक आठ तारखेला रजा काढून येतेय, तिकिटाचा दुसरा खर्च करून. १२ ला आम्ही तिघं मोटारीनं बेंगळुरूला निघू. प्रवासाच्या पिंजऱ्याची कृष्णीला सवय व्हावी म्हणून तो महिनाभर माझ्या खोलीत उघडा ठेवलाय. आत लेकीची जुनी ओढणी अंथरलीय. गेल्या आठवड्यापासून ती दुपारी आपणहून त्यात जाऊन झोपते.

फाईलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात तारखा लिहिल्यात: चिप ६ मे, लस ८ ऑगस्ट, रक्त १० सप्टेंबर. ज्याला हे सगळं करायचं असेल त्यानं त्या फाईलची झेरॉक्स जरूर घेऊन जावी. १२ डिसेंबरपर्यंत रोज सकाळी साडेसहाला मी आणि कृष्णी व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर असतो.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
टिळकवाडी, बेळगाव